मोकळी जागा रिकामी नसते



आज मी तुम्हाला गवताची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही. कवीने झाडांवर बोलावं, पावसावर बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. गवतावर सहसा कुणी बोलत नाही. मीही पन्नाशी उलटेपर्यंत बोललो नव्हतो.

२०२३च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला गेलो. मुलगी-जावई शिकागोच्या उत्तरेला एका उपनगरात राहतात. नात नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलताना अडखळते; पण ‘नाना’ ही हाक मात्र खणखणीत. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी ती म्हणाली, “नाना, आज बी गोळा करायला चला.” मला वाटलं, मुलांचा काही खेळ असेल. डोक्याला टोपी घातली, पायात जावयाचे जाड बूट चढवले आणि निघालो.

नॉर्थब्रुक गावाजवळ सॉम प्रेअरी ग्रोव्ह नावाची जागा आहे. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे सार्वजनिक मालकीची अशी सुमारे ७० हजार एकर राखीव जमीन आहे. लोक तिथे चालायला, पक्षी पाहायला जातात. आम्ही गेलो तिथे पाऊलवाट सोडली की बुटांखाली जमीन पचपचत होती. सखल भागात लव्हाळे, आणि थोड्या उंचावर माझ्या डोक्यावरून जाणारं गवत. त्या गवतात पंधरा-वीस माणसं आणि सात-आठ मुलं गळ्यात पिशव्या अडकवून उभी होती. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी ट्रक चालवणारा. पगारी कुणी नाही. सगळे रविवारचे कामकरी.

एका वृद्ध बाईंनी मला कागदी पिशवी दिली आणि नियम सांगितले. दाखवलं तेवढ्याच जातीचं बी घ्यायचं. एका ठिकाणचं सगळं ओरबाडायचं नाही, निम्म्याहून जास्त तिथेच ठेवायचं. पिशवीवर नाव लिहायचं. मी कामाला लागलो आणि पाचच मिनिटांत नातीने माझी पिशवी तपासून निम्मं बी बाहेर काढलं. “नाना, हे वेगळं गवत आहे!” मला चारही गवतं सारखीच दिसत होती. माझ्या कवितांतून ‘गवत’ हा शब्द कितीतरी वेळा आला असेल. पण त्यातल्या एकाही गवताला नाव नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ही माणसं असं का करतात, ते समजायला थोडा मागचा इतिहास पाहावा लागतो. इलिनॉय राज्याला तिकडे ‘प्रेअरी राज्य’ म्हणतात. प्रेअरी म्हणजे विस्तीर्ण गवताळ प्रदेश. एकेकाळी तिथे सुमारे दोन कोटी वीस लाख एकर प्रेअरी होती आणि तिच्यातला मोठा भाग ओला, पाणथळ होता. त्या गवतांची मुळं जमिनीत माणसाच्या उंचीहून खोल जातात. साधा नांगर त्या चिकट काळ्या मातीत अडकून बसे. १८३७मध्ये जॉन डियर नावाच्या लोहाराने त्याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि ती माती उलथली जाऊ लागली. मग जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरून पाण्याचा निचरा करण्यात आला. मका पिकला, गावं वसली. १९७८मध्ये राज्याची पाहणी पूर्ण झाली, तेव्हा चांगल्या स्थितीतली प्रेअरी उरली होती जेमतेम २,३०० एकर. म्हणजे दहा हजार एकरांमागे एक!

१९७७ साली स्टीफन पॅकर्ड नावाच्या एका माणसाला शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठी सायकलवरून हिंडताना झुडपांच्या गर्दीत प्रेअरीचे लहान लहान तुकडे दिसले. त्याने ओळखीपाळखीचे लोक जमवले. काम साधं होतं, पण चिकाटीचं. बकथॉर्न नावाचं एक युरोपी झुडूप पूर्वी कुंपणासाठी आणलेलं. त्याला वसंतात सगळ्यांच्या आधी पानं येतात आणि ती सगळ्यांच्या नंतर गळतात, त्यामुळे खाली ऊन म्हणून पोहोचत नाही. हिवाळ्यात ते तोडायचं. शरद ऋतूत आसपासच्या जुन्या तुकड्यांतून बी गोळा करायचं आणि मोकळ्या केलेल्या जागी विखरायचं. जमिनीखालचे जुने नळ काही ठिकाणी फोडायचे, म्हणजे पाणी पुन्हा थबकतं. आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली अधूनमधून गवत जाळायचं, कारण तिथली गवतं हजारो वर्षं मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगींबरोबरच वाढलेली आहेत.

या ओल्या कुरणांत एक पांढरं ऑर्किड उगवतं. पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या. ते इतकं विरळ झालं, की १९८९मध्ये त्याला देशाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घालावं लागलं. रात्री उडणारे मोठे पतंग त्याचं परागण करतात. पतंग पुरेसे येईनात, तेव्हा हे स्वयंसेवक दात कोरायच्या काड्या घेऊन चिखलात गुडघे टेकून बसले आणि या फुलाचे पराग त्या फुलाला लावू लागले. त्याचं बी धुळीसारखं बारीक. ते रुजून फूल यायला कितीतरी वर्षं जातात. मी विचारलं, “एवढा धीर कसा धरवतो?” त्या बाई हसल्या आणि मुलांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “म्हणून तर त्यांना आणतो.”

पण श्रोतेहो, माझ्या मनात रुतून बसली ती पुढची गोष्ट. १९९६मध्ये या कामाला शिकागोत मोठा विरोध झाला. झाडं तोडतात, आगी लावतात, हे कसलं निसर्गप्रेम? असं लोक विचारू लागले. विरोध करणारेही झाडांवर माया करणारेच होते. कुक काउंटीने काम थांबवलं. पुढे ते टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झालं. हे ऐकताना मला वाटलं, तेव्हा मी तिथे असतो तर विरोध करणाऱ्यांत पहिल्या रांगेत असतो. तसं मी बोलूनही दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “आम्ही झाडांच्या विरोधात नाही. इथले जुने ओक आम्ही जपतो. आम्ही एवढंच विचारतो, हे झाड इथलं आहे का? आणि त्याच्या सावलीत काय मरतंय?”

त्या प्रश्नाने मी थेट माझ्या गावी जाऊन पोहोचलो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या गावावर सडा आहे. ज्यांनी कोकण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात काळाकुट्ट कातळ, पाय ठेववत नाही. १९९४ साली मी एका शाळेत ग्रंथपाल होतो, वय सत्तावीस. पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षदिंडी निघाली. तिच्यासाठी गाणं मीच लिहिलं. ‘टकल्या सड्याला हिरवी टोपी घालूया’ असा त्याचा आशय. मुलांनी ते घसा फुटेस्तोवर म्हटलं. पहारीने कातळ फोडला, घमेल्यांनी माती वाहिली आणि ऑस्ट्रेलियन अकेशियाची रोपं लावली. भराभर वाढतो, गुरं तोंड लावत नाहीत, आणखी काय हवं? वर्तमानपत्रात फोटो आला. झाडं जगली. मी अनेक वर्षं ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवत होतो.

पण लहानपणी मी त्याच सड्यावर शेळ्यांमागे जात होतो. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं यायची. श्रावणात कातळाच्या खळग्यांत पाणी साचायचं, बोटभर मातीवर गवत उठायचं आणि त्यात सीतेच्या आसवांचा निळा गालिचा पसरायचा. हे इवलंसं फूल कीटकभक्षी असतं. मातीत कस नसतो, म्हणून आपल्या बारीक फुग्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. गेंदाची पांढरी बोंडं, कवळ्याची पिवळी फुलं. चार महिने तो सडा म्हणजे एक ओलं कुरणच असायचं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गाण्यात मी त्याला टकला म्हणालो, कारण मी गाणं मे महिन्यात लिहिलं होतं!

सातारच्या कासचं पठार याच जातीचं. पश्चिम घाटाबरोबर २०१२मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे आपण तिकीट काढून फुलं पाहायला जातो आणि आपल्या घरामागच्या कासवर खड्डे खणतो. आपल्या कागदपत्रांत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्याने दोन, चार, तेरा आणि तेहेतीस कोटी झाडांची लक्ष्यं ठेवली. झाडं लावावीतच, जिथे जंगल तुटलं आहे, तिथे तर अगत्याने लावावीत. पण खड्ड्याला मोकळी जागा लागते, आणि मोकळी दिसतात ती माळरानं, सडे आणि कुरणं. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, एवढं मला शिकायला तीस वर्षं आणि विमानाचं तिकीट लागलं.

परत आल्यावर २०२४च्या पावसाळ्यात मी गावातल्या काही मुलांना घेऊन सड्यावर गेलो. अकेशियाखाली पाचोळ्याचा जाड थर, खाली काही नाही. वीस पावलांवर उघड्या कातळावर मात्र सीतेची आसवं तशीच. मी ग्रामसभेत विषय काढला. एक जण उठून म्हणाला, “चाचा, झाडं तुम्हीच लावलीत ना? आता तुम्हीच तोडा म्हणता?” सभेत हशा पिकला. मी म्हणालो, “होय, मीच लावली. म्हणून तर मला सांगावं लागतंय.” चर्चा बरीच झाली. काहींना सरपण हवं होतं, काहींना सावली. अखेर रीतसर परवानगी घेऊन कडेची एक रांग तेवढी काढायची, असं ठरलं. बाकीची झाडं अजून उभी आहेत.

मुलांनी तिथला पाचोळा खराट्याने ओढून काढला आणि उघड्या सड्यात शिरलेली अकेशियाची रोपं हाताने उपटली. बी कुठूनही आणलं नाही, लावलं काहीच नाही. आपल्याकडे आग लावायचा तर प्रश्नच नाही. वणव्यांनी कोकण आधीच पोळलेलं आहे. आम्ही फक्त वाट पाहिली.

२०२५च्या ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात गवत आलं होतं. विरळच, मधे काळे डाग. मुलं पाण्यात ओणवी होऊन शोधत होती. एका मुलीने ओरडून सांगितलं, “चाचा, निळं!” सगळ्यांनी मिळून मोजली. सतरा फुलं भरली. तीस वर्षांपूर्वी तिथे मोजायची कुणाची छाती झाली नसती, इतकी होती.

रात्री नातीला फोनवर आकडा सांगितला. तिने लगेच विचारलं, “आणि नाना, गवतं किती प्रकारची?” ते मी मोजलं नव्हतं. या पावसाळ्यात मोजणार आहे.

तुमच्या गावात, शहरात अशी एखादी ‘पडीक’ जागा असेल तर एवढंच करा. खड्डा खणण्याआधी एक पावसाळा तिथे जा. मुलांना बरोबर न्या. आणि काय काय उगवतं, ते नुसतं पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)