लाकडी तक्तपोशी व ओलाव्याची परीक्षा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या सभागृहातील व्यासपीठास व बाहेरील ओसरीस सागवानी तक्तपोशी करावी, असे आपण ठरविले आहे. ती ज्युबिलीच्या सणापूर्वीच पुरी व्हावी, असा पुष्कळांचा आग्रह दिसतो. त्याविषयी आम्ही चार शब्द बोलू इच्छितो.

लाकूड कापून, रंधून झाले म्हणजे ते स्थिर झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. दमट हवेत ते ओल शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा फरक लांबीत नगण्य, परंतु रुंदीत बराच असतो. हवेची आर्द्रता ५० टक्के असता लाकडात सुमारे ९ टक्के ओल राहते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर स्थिरावली म्हणजे ती सुमारे १६ टक्के होते. सागवान इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी हलते. तरी इतक्या फरकाने १५० मिलिमीटर रुंदीची फळी जवळजवळ २ मिलिमीटर फुगू शकते. अशा ४० फळ्या उन्हाळ्यात घट्ट भिडवून ठोकल्या, तर पावसाळ्यात ७ सेंटिमीटरांहून अधिक जागा त्यांना कोठून मिळावी? मग फळ्या उचलतात व म्हाताऱ्या माणसांचे पाय अडखळतात.

ह्यास्तव प्रथम परीक्षा, मग खिळा. फळीची ओल दोन सुयांच्या विद्युत्मापकाने कळते. अधिक खात्री हवी असल्यास नमुन्याचा तुकडा तोलावा, १०३ अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा व पुन्हा तोलावा. ५६० ग्रॅमचे ५०० ग्रॅम झाले, तर ओल १२ टक्के. फळ्या व त्यांखालील लाकडी पट्ट्या ह्यांच्या ओलीत ४ टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. फळ्या रुंद असल्यास २ टक्क्यांहून अधिक नसावे.

खालचा काँक्रीटचा कोबा वरून कोरडा दिसला, तरी पोटात ओला असू शकतो. त्यावर प्लास्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून निदान १६ तास ठेवावा. खाली दव जमले, तर काम थांबवावे. न जमले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. कोब्यास भोक पाडून आतील आर्द्रता मापकाने पाहावी, हेच खात्रीचे.

भिंतीलगत निदान १२ मिलिमीटर फट ठेवून ती पट्टीने झाकावी. ओसरीवर पाऊस येतो. तेथे फळ्याफळ्यांतही फट असावी व खालून वारा खेळावा. सर्व मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावी.

बंधुभगिनींनो, हा पैसा गरिबांच्या मुठीमुठीने जमला आहे. मापे जुळली नाहीत, तर काम थांबविण्याचा अधिकार सुतारास असावा व त्यास कोणी घाई करू नये. वेळ आलीच, तर ज्युबिली आपण कोब्यावर सतरंज्या अंथरून साजरी करू. त्यात कमीपणा नाही.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.