लाभांशासाठी थांबावे काय?

(यशवंतपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मिरज, बेळगाव, हुबळीकडून बदलीवर येऊन यशवंतपूरला राहिलेली आपली बरीच माणसे आता निवृत्तीला आली आहेत. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा हाती पडण्याआधीच एजंट दारात उभा असतो. म्हणून महागाई भत्त्याचा विषय आज बाजूला ठेवून आम्ही म्युच्युअल फंडाविषयी बोलणार आहोत. आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न असा : युनिटे विकायची आहेत, पण पुढच्या महिन्यात लाभांश आहे, तोवर थांबू का?

आधी हिशेब पाहू. तुमच्याकडे १,००० युनिटे आहेत, भाव २५ रुपये. म्हणजे २५,००० रुपये झाले. फंडाने युनिटमागे २ रुपये लाभांश दिला की भाव २३ वर उतरतो. तुमच्याकडे २३,००० ची युनिटे आणि २,००० रोख. बेरीज तीच! बँकेचे व्याज मुद्दलाच्या वर मिळते. हा लाभांश तुमच्याच डब्यातून काढून तुमच्या हातावर ठेवलेला असतो. एप्रिल २०२१ पासून सेबीने या पर्यायाचे नावच बदलले आणि त्यात भांडवल काढून घेण्याचा उल्लेख घालायला लावला. एजंट मात्र अजून 'डिव्हिडंड'च म्हणतो.

फरक पडतो तो करात. १ एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला वरच्या २,००० वर उपकरासह ४१६ रुपये कर बसतो. तीच युनिटे दोन वर्षांपूर्वी २० रुपयांनी घेतली असतील आणि लाभांशाआधी विकली, तर नफा ५,०००. जुलै २०२४ च्या बदलानंतर शेअरांच्या फंडात वर्षावर ठेवलेल्या युनिटांचा सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त आहे. म्हणजे कर भरणाऱ्याने थांबून स्वतःचेच नुकसान केले. २,००० रुपयेच हवे असतील तर ८० युनिटे विकावीत. त्यात नफा म्हणून ४०० रुपयेच मोजले जातात.

ज्याला करच लागत नाही, त्याला थांबून ना नफा ना तोटा. मात्र २०२५-२६ पासून एका फंड कंपनीचा वर्षाचा लाभांश १०,००० च्या वर गेला की दहा टक्के कापले जातात, आणि ते परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते.

आपल्या पिढीला लाभांशाची गोडी लावली ती युनिट ट्रस्टने. १९६४ साली सुरू झालेल्या त्या योजनेचे जून अखेर वर्ष संपे, मग लाभांश येई. ती पाकिटे घरोघर पोचवली आपल्याच टपाल बंधूंनी. भाव ट्रस्ट स्वतः ठरवी, त्यामुळे आतली पोकळी बाहेरून दिसत नसे. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या योजनेतून चार हजार कोटींहून अधिक रक्कम बाहेर गेली, त्यात मोठा वाटा कंपन्यांचा. त्या काही लाभांशासाठी थांबल्या नाहीत. २ जुलै २००१ ला खरेदी-विक्री सहा महिने बंद झाली आणि अडकला तो छोटा माणूस. ऑगस्टपासून ३,००० युनिटांपर्यंत दहा रुपये आणि दरमहा दहा पैसे वाढ, एवढीच सोय त्याला मिळाली. उरलेल्यांना २००३ मध्ये पावणेसात टक्क्यांचे रोखे. आज भाव रोज जाहीर होतो, तशी फसगत आता होऊ नये. पण थांबण्याची सवय मात्र तीच राहिली आहे.

थांबायचेच तर वर्ष पुरे होण्यासाठी थांबा. शेअरांच्या फंडात वर्षाच्या आतल्या नफ्यावर वीस टक्के कर आहे, शिवाय बऱ्याच योजना वर्षाआधी विकल्यास एक टक्क्यापर्यंत कापून घेतात. दवाखान्यासाठी पैसा लागत असेल तर मात्र कसली वाट पाहता? विका.

ज्यांनी दरमहा हप्त्याने घेतली आहेत त्यांचे वर्ष प्रत्येक हप्त्याला वेगळे मोजले जाते, आणि विकताना आधीची युनिटे आधी जातात. स्टेटमेंट आणलेल्यांनी सभेनंतर टेबलापाशी थांबावे, तारखा आपण एकत्र बसून पाहू.