बिऱ्हाड बदलतांना

बिऱ्हाड हलविण्याचा दिवस उजाडला कीं घरांतील मंडळी भांडीं मोजतात, गॅसचें पुस्तक सांभाळतात, देव्हाऱ्यांतील देव स्वतःच्या हातानें उचलून घेतात. भिंतीवरील इंटरनेटच्या पेटीची आठवण बहुधा सामानाची गाडी निघतेवेळीं होते. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महानगरपालिका २०१६ ची; गांव एवढें वाढलें कीं जुन्या पनवेलमधील घर सोडून खारघर, कामोठे, करंजाडे येथील उंच इमारतींत जाणें ही नित्याची गोष्ट झाली आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं असें स्थलांतर केलें असेल, त्यांना पुढील हकीगत अपरिचित वाटणार नाहीं.

कंपनी तीच, गांव तेंच. मग पेटी काढून नव्या भिंतीला टांगली कीं झालें, असा सर्वसाधारण समज असतो. तो होण्यास कारणही आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजीं हरियाणांत आणि २० जानेवारी २०११ रोजीं देशभर झाली. परंतु मोबाइलचा संदेश हवेंतून येतो. घरचें ब्रॉडबँड येतें तें केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें. आणि तो तंतू ज्या दारापाशीं संपतो, त्या दारापुरताच तो असतो. पेटी बरोबर नेतां येते, तंतू नेतां येत नाहीं. त्यांतून पुष्कळ ठिकाणीं शेवटची तार टाकणारा स्थानिक केबलवाला निराळा असतो. मग कंपनीचें नांव तेंच असूनही जोडणी नव्यानेंच घ्यावी लागते.

खरी अडचण पुढें आहे. इमारतींत तार चढविण्यास सोसायटीची किंवा बिल्डरची परवानगी लागते. कित्येक ठिकाणीं ती एकाच कंपनीस मिळालेली असते, आणि बाजारांत दहा कंपन्या असल्या तरी सातव्या मजल्यावरील कुटुंबास एकच उरते. ग्राहकाची निवड अशी त्याच्या अपरोक्ष होऊन गेलेली असते. घराच्या जागेंतील दळणवळणाच्या सोयींना मानांकन देण्याविषयींचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं काढले, ते याच जाणिवेंतून. तथापि भाडेकरारावर सही करण्यापूर्वी पाण्याची वेळ विचारणारा गृहस्थ तारेविषयीं अजून विचारीत नाहीं.

२०२० च्या टाळेबंदीपासून पुष्कळांची कचेरी घरांतच आली आहे. अशा घरीं आठ दिवस तार नसणें म्हणजे आठ दिवस काम बंद. आणि मालक ती रजा मंजूर करीलच असें नाहीं. म्हणून अनुभवी माणसें नवी जोडणी चालूं झाल्याखेरीज जुनी तोडीत नाहींत. चार दिवसांचें दुहेरी भाडें पडतें, तें त्यांना परवडतें. घर बदलण्याचा संभव दिसतांच वर्षाचे पैसे एकदम भरण्याचें तीं टाळतात, कारण सवलतीचा मोह मोठा असला तरी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळविणें कष्टाचें असतें. वेगाविषयीं तीं जाहिरात वाचीत नाहींत, शेजाऱ्याला विचारतात. २००४ च्या सरकारी धोरणांत सेकंदाला २५६ किलोबिट वेगासही ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ मध्यें ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. जाहिरातींतील आंकडे याच्या कितीतरी पुढें गेलेले आहेत, परंतु रात्रीं नऊ वाजतां, सारी इमारत एकदम चित्रें पाहूं लागल्यावर, काय मिळतें तें शेजारीच सांगूं शकतो. पावसाळ्यांत दोन इमारतींमधील लोंबती तार किती वेळां तुटली, हेंही त्यालाच ठाऊक.

जुनी जोडणी बंद करण्याची सूचना तोंडी देऊं नये. ती लेखी द्यावी व तिचा तक्रार-क्रमांक टिपून ठेवावा. राउटर कंपनीचा असेल तर परत करून पावती घ्यावी, आणि अनामत रक्कम हातीं येईपर्यंत ती पावती, घराच्या करारपत्राबरोबरच ठेवावी.