शेंडेनक्षत्र आणि फराळाची ऑर्डर

दर वेळी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि रजिस्टर यांबद्दल बोलते. आज एका शेंडेनक्षत्राची गोष्ट सांगते. पण तीही फिरून आपल्या गटापाशीच येणार आहे.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या एका गटाची बैठक होती. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर मिळाली होती. बेसन, तेल, साखर भरायला कर्ज काढायचं ठरलेलं. पण ठरावावर सही करायला कुणी पेनच हातात घेईना. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, मावळतीला शेंडेनक्षत्र निघालंय म्हणतात. असल्या दिवसांत नवं काही करू नये."

खरं सांगते, मी बीए झालेली, तरी गप्प बसले. माझी आजीही असंच म्हणायची. सह्या राहिल्या. दिवाळी जवळ आलेली, ऑर्डर देणारा काही थांबणार नव्हता.

त्या रात्री मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि सूर्याच्या उलट बाजूला शेपटी पसरते. याचं नाव त्सुचिनशान-ॲटलास. चीनमधली एक वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली एक दुर्बीण, या दोघींना तो २०२३ मध्ये सापडला, म्हणून हे जोडनाव. दसऱ्याला तो आपल्या सगळ्यात जवळ होता, म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटरवर!"

७ कोटी किलोमीटर! तिथून तो आपल्या कढईत काय बिघडवणार? पण नुसतं सांगून कोण ऐकतं? म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना एका घराच्या गच्चीवर बोलावलं. कुणी पदर तोंडावर धरून आली, कुणी नातवंडं घेऊन.

सूर्य बुडून पाऊण तास झाला. खाली शुक्राची चांदणी झळकत होती. तिच्या उजवीकडे वरच्या अंगाला काहीतरी पुसट दिसत होतं. गटातल्या एकीची लेक अकरावीत आहे, तिनं मोबाईल काढला. पहिले तीन फोटो हललेले, चौथा नुसता काळा. मग तिनं मोबाईल कठड्यावर विटेला टेकवून ठेवला, कॅमेऱ्यात नाईट मोड लावला आणि टायमर लावून हात काढून घेतला. आम्ही श्वास रोखून उभ्या. फोटो आला, आणि त्यात शेपटी स्वच्छ दिसली! डोळ्याला दिसली त्याहून लांब. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून उजेड साठवतो, म्हणून असं होतं.

मावशींनी मोबाईल हातात घेतला, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच होय? हा तर खराटा!" सगळ्या हसल्या. त्याच गच्चीवर बॅटरीच्या उजेडात सह्या झाल्या.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. धूमकेतूचा पहिला फोटो २७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडमध्ये निघाला. तो काढणारे विल्यम अशरवुड हे काही मोठ्या वेधशाळेतले शास्त्रज्ञ नव्हते. माणसांचे फोटो काढायचा साधा कॅमेरा त्यांनी ७ सेकंद उघडा ठेवला होता. म्हणजे हौशी माणसानं साध्या साधनानं आभाळ टिपणं, ही रीत जुनीच आहे. आमची अकरावीतली पोर त्याच वाटेवरची.

आता फराळाचं सांगते. ऑर्डर वेळेत गेली, कर्ज फिटलं. चकल्यांचा पहिला घाणा मात्र तेलात विरघळला. एकीनं लगेच आभाळाकडे बोट दाखवलं. मावशीच तिला म्हणाल्या, "अगं, मोहन जास्त पडलंय!"

मैत्रिणींनो, पुन्हा कधी शेंडेनक्षत्र निघालं, तर दार लावून घरात बसू नका. लेकी-सुनांना घेऊन गच्चीवर जा, मोबाईल विटेला टेकवा, फोटो काढा. आणि काही बिघडलंच, तर आधी मोहन किती पडलं ते बघा.