रेघ कोणी आणि केव्हा आखावी?



 या परिषदेतल्या मोजमापाच्या चर्चेला अलिबाग हे गाव साजेसेच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार आणि त्यांमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचे ते काम १९०४ मध्ये इथे आले. जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा यासाठी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मापने घेतली गेली.

शैक्षणिक उपक्रमांचे मूल्यमापन करताना आपण एवढे काटेकोर असतो का? चाचणीची सरासरी आठ गुणांनी वाढली, एवढ्यावरून उपक्रम यशस्वी म्हणता येत नाही. नेमके काय येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, ते कळले पाहिजे. उत्तीर्ण होण्यासाठीच्या, आपल्या अंगवळणी पडलेल्या ३५ टक्क्यांतूनही ते कळत नाही. सोप्या आणि अवघड प्रश्नपत्रिकेतले ३५ सारखे नसतात. याउलट ‘असर’ ही शैक्षणिक पाहणी २००५ पासून मूल दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचते का, हे विचारते. त्याचे उत्तर आईवडिलांनाही समजते.

अशी पातळी ठरवणारी कोणतीही रेघ शेवटी मनमानीच, असा आक्षेप संशोधक जीन ग्लास यांनी १९७८ मध्ये घेतला. त्यात तथ्य आहे. रेघेच्या आसपास बरीच मुले असतील, तर रेघ दोन गुणांनी सरकवताच निष्कर्ष उलटतो. पण निर्णय माणसांनी घेतला म्हणून तो लहरी ठरत नाही. रेघ ठरवण्याच्या अँगॉफ पद्धतीत जाणकार शिक्षक प्रत्येक प्रश्न तपासतात आणि जेमतेम पात्र ठरणारे मूल तो सोडवण्याची शक्यता किती, याचा स्वतंत्र अंदाज देतात. बहुतेकदा चर्चेनंतर त्याचा फेरविचारही करतात. हे काम निकाल हाती येण्याआधी, कारणे नोंदवून झाले पाहिजे. निकाल पाहून आखलेली रेघ त्या निकालाचीच पाठराखण करते.

दुसरा आक्षेप आपल्या जिल्ह्याला जवळचा आहे. वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांना तीच रेघ लावणे अन्यायाचे नाही का? मला वाटते, त्यांच्यासाठी रेघ खाली आणणे हाच मोठा अन्याय आहे. त्याने आपली अपेक्षाच घटते आणि त्यांचे वाचन मागे राहिले तरी कोणाला खटकत नाही. ध्येय सर्वांना एकच असावे. मात्र उपक्रमाचे यश जोखताना मूल कुठून निघाले आणि किती पुढे आले, हेही मोजावे. ते मागे राहिले, तर आधी उपक्रमाला जाब विचारावा.

म्हणून माझी विनंती अशी की, उपक्रम सुरू होण्यापूर्वीच अपेक्षित पातळी, ती ठरवणारी माणसे आणि त्यामागची कारणे जाहीर करावीत, आणि त्या माणसांत वर्गात शिकवणारे शिक्षक असावेत, असा ठराव या परिषदेने करावा.