स्वागताध्यक्षांचे भाषण : वाढत्या कवटीचे गणित

रोह्याहून आलेले डॉक्टर, लोणेऱ्याच्या विद्यापीठातली तरुण मंडळी, सर्वांचे पेणमध्ये स्वागत.

स्वागताध्यक्ष म्हणून गणपतीच्या कारखानदाराला का उभे केले, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. बाळांच्या कवटीवरील शस्त्रक्रिया हा विषय वाचल्यावर थोडा उलगडा झाला. आमची मूर्ती साच्यातून निघाली की वाढत नाही. तुम्ही हात लावता ते डोके मात्र टाके घातल्यावरही वाढत राहते. टेबलावर आकार सुबक दिसला, एवढ्याने तुमचे काम फत्ते होत नाही. निकाल लागतो काही वर्षांनी.

जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. वर्षभरात तो ४५-४६ वर जातो. मेंदू आतून रेटतो, हाडांमधले सांधे वाट देतात. दोन-अडीच हजार बाळांमागे एखाद्याचा सांधा वेळेआधीच जुळतो. माथ्यावरचा मधला सांधा जुळला की डोके रुंदीला अडते आणि मागेपुढे लांबते. सांधा जुळला की त्याला आडवी वाढ अडते, हा नियम जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्चो यांनी १८५१ मध्येच मांडला.

आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तेल लावून माथा चोळतात. एका कुशीवर निजून चपटे झालेले डोके पुष्कळदा आपोआप सुधारते. श्रेय उशीला मिळते. जुळलेला सांधा उशीने सुटत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. महिने मात्र जातात.

ती शस्त्रक्रिया आधी गणितात करून बघता येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियंता मेहरान मोअझेन आणि सहकारी सीटी स्कॅनवरून बाळाची कवटी संगणकात उभी करतात, तिचे बारीक भाग पाडतात, हाडाला ताठपणा आणि सांध्याला मऊपणा देतात. मेंदूची वाढ दाखवायला वापरतात उष्णतेने प्रसरण पावण्याचे सूत्र! गणितातल्या मेंदूला ताप चढवायचा आणि कवटी कुठे किती पसरते ते बघायचे. ही युक्ती मला भारी आवडली. हाड इथे कापले तर पुढे काय, तिथे कापले तर काय, हे सुरी लावण्याआधी पडताळता येते.

पण कवटी हळूहळू रुंदावणारी स्प्रिंग बसवण्यासारखी छोटी शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयातच सोयीची. आमच्या वाड्यांवरचे बाळ परळच्या वाडिया रुग्णालयात पोहोचेपर्यंत वर्ष उलटले, तर ते गणित कुणाच्या कामाचे?

म्हणून यजमानाच्या हक्काने एक मागणी. अंगणवाडीत वजन-उंची घेतातच. घेर कधी मोजायचा, माथ्यावर बोटाला कसला कंगोरा लागला की बाळ पुढे पाठवायचे, एवढे मराठीत एका पानावर लिहून द्या. छपाईचा खर्च आमच्या कारखान्याकडे लागला.