हरलेला डाव नक्की कुठे हरला?

आज बोलायचंय हरलेल्या डावाबद्दल.

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांची एक सवय मी लोकलमध्ये, मेसच्या रांगेत, सगळीकडे बघतो. डाव हरला की दोन सेकंदांत अंगठा ‘न्यू गेम’वर. गेलेलं रेटिंग लगेच परत हवं असतं ना! मग पुढचाही डाव तसाच जातो आणि राग निघतो ओपनिंगवर. “हे डी४-बिडी४ आपल्याला झेपत नाही, सोड.” आता खरंच ओपनिंग वाईट होतं का? हे बघायला मी एक डाव आणलाय. हरणारा खेळाडू आहे विश्वनाथन आनंद. जमलं तर फोनवर पट उघडा.

एप्रिल २०१०. बल्गेरियातलं सोफिया. जगज्जेतेपदाचा बारा डावांचा सामना, समोर व्हेसेलिन टोपालोव्ह, तोही स्वतःच्या देशात. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं बंद पडली होती. आनंद फ्रँकफर्टला अडकला आणि जवळपास चाळीस तास रस्त्यानं प्रवास करून सोफियाला पोचला. तीन दिवस मागितले होते, मिळाला एक.

२४ एप्रिलला पहिला डाव. टोपालोव्ह पांढऱ्याकडून खेळला आणि वजिरासमोरचं प्यादं डी४वर ढकललं. आनंदनं निवडला ग्रुनफेल्ड बचाव. यात काळा खेळाडू समोरच्याला पटाच्या मधोमध प्याद्यांची भिंत बांधू देतो आणि मग उंट-घोड्यांनी ती पोखरत बसतो. मजा आहे, पण जोखीमही आहे. एक चाल मागेपुढे झाली तर तीच भिंत अंगावर येते.

आता थेट तेविसाव्या चालीवर जाऊ. टोपालोव्हचा घोडा एच५वर, राजाच्या अगदी जवळ. एचची उभी पट्टी उघडी पडलेली. त्यानं हत्ती एफ३वर आणला, म्हणजे पुढे एच३ची तयारी. आनंदकडे बघा. घोडा पटाच्या कडेला ए५वर, सी८चा उंट आणि ए८चा हत्ती अजून घरातून हललेलेच नाहीत. इथे आनंदनं राजा एफ७वर नेला.

चाल दिसायला समंजस आहे. राजा सरकला की दुसऱ्या हत्तीला एच८ची वाट मोकळी होते. पण टोपालोव्हनं लगेच घोडा देऊन एफ६चं प्यादं मारलं! राजाला तो घोडा घ्यावा लागला, हत्ती एच३वर आला, मग शहावर शह, आणि थोड्याच चालींत पांढऱ्याचे दोन्ही हत्ती सातव्या रांगेत. तिसाव्या चालीला खेळ खल्लास.

आनंदनं नंतर सांगितलं की तयारीतल्या चालींचा त्याच्या डोक्यात घोळ झाला. विश्लेषकांनी सुचवलेली चाल होती, आधी उंट डी७वर. त्यानं काय होतं? ए८च्या हत्तीचा रस्ता मोकळा होतो, तो सी पट्टीवर येऊन पांढऱ्याच्या हत्तीला अडवू शकतो. म्हणजे आधी घरातली फौज बाहेर काढायची, राजाचं नंतर.

माझ्या मते या डावातली शिकवण इथेच आहे. चालींचा क्रम पाठ असतो, पण थकलेलं डोकं सगळ्यात आधी क्रमच विसरतं. त्या क्रमामागचं कारण माहीत असेल तर पटावर बसून तो पुन्हा शोधता येतो. आनंदसारख्याची स्मरणशक्ती दगा देऊ शकते, तर यूट्यूबवर वीस मिनिटांत पाठ केलेल्या आपल्या ओपनिंगचं काय!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम बिघडली की पहिला प्रश्न असतो, कुठल्या बदलापर्यंत सगळं ठीक चाललं होतं? तो एक बदल सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा छोटी निघते. तो न शोधता कोणी “सगळं नव्यानं लिहू” म्हणालं की समजायचं, रात्र जाणार. ओपनिंग बदलणं हे तसंच.

आनंदनं पुढे काय केलं ते बघा. दुसऱ्याच दिवशी तो स्वतः पांढऱ्याकडून डी४च खेळला, कॅटलन ओपनिंग, आणि जिंकला. काळ्याकडून काही डाव स्लाव्ह बचाव वापरला, पण दहाव्या डावात ग्रुनफेल्ड परत काढला आणि बरोबरी साधली. हरलं म्हणून कायमचं फेकून दिलं नाही. मधे आठवा डावही तो हरला. अकरा डावांनंतर साडेपाच-साडेपाच! बाराव्या डावात परत टोपालोव्हचं डी४, यावेळी आनंदनं शंभर वर्षांहून जुना लास्कर बचाव काढला आणि काळ्याकडून जिंकून जगज्जेतेपद राखलं.

तर पुढच्या वेळी हरलात की एवढंच करा. लीचेस असो नाहीतर चेस डॉट कॉम, इंजिन आधी बंद ठेवा. ते लगेच लाल खूण दाखवतं आणि आपण “अच्छा” म्हणून पुढे जातो. स्वतः मागे जा आणि डाव जिथे हातातून सुटला असं वाटतं ती चाल शोधा. ती का खेळलात, हे एका वाक्यात नोट्समध्ये लिहा. मग इंजिन लावून ताडून बघा. वाक्यच सुचलं नाही तर उत्तर मिळालं, चाल पाठ होती, समजलेली नव्हती. आणि एक खूण पहिल्यांदा तपासा, घरात किती मोहरी बसून होती? डी४च्या डावांत बऱ्याचदा गाडी तिथेच अडकलेली असते.

एका डावाला दहा मिनिटं लागतील. तेवढ्यात तीन ब्लिट्झ होतात, मान्य. पण त्या तीन डावांत तोच घोळ तीनदा होणार असेल, तर फायदा कोणाचा? समोरच्याचा!

तुमचा हरलेला एखादा डाव, शोधलेली चाल आणि ते एक वाक्य मला पाठवा. निवडक डाव पुढच्या भागात मिळून बघू. तोवर खेळत राहा. भेटू!